एमाच्या नडगीचं फूल

नोटरीच्या बायकोला सोनारीण इदालिना पिमेंताने सोन्याचं भोपळ्याचं फूल घडवून दिलं, त्या दिवसापासून आमच्या डियामांतिना गावातल्या बायका तिच्या दुकानाची पायरी चढण्याआधी माझ्याकडे येऊन अंदाज घ्यायला लागल्या. माझं दुकान न्हाव्याचं आणि तिच्या अगदी समोर. मधली दगडी गल्ली इतकी अरुंद, की तिच्या कानशीचा आवाज मला ऐकू येतो आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या चहाड्या तिला.

"अदाउतो, आज तिचा मूड कसा आहे?" बायका दारातून विचारायच्या. "मला कुठलं फूल देईल असं वाटतं?"

"मी काय सांगणार?" मी म्हणायचो. "मला तिने आजवर साधं गवतही दिलेलं नाही."

भोपळ्याचं फूल देखणं होतं, हे आधीच सांगतो. पिवळ्या पुष्कराजाच्या पाच पाकळ्या, कडांना किंचित हिरवट झाक, आणि देठावरची खरखरीत लवसुद्धा सोन्याच्या बारीक तारेची. पण नोटरीणबाईंनी मागितली होती लिली. इदालिनाने चष्म्यावरून त्यांच्याकडे चांगलं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "लिली तुम्हाला शोभणार नाही, बाई. तुम्ही कुठेही रुजता, कुंपण ओलांडून पसरता आणि अख्ख्या घराला खायला घालता. तुम्ही भोपळ्याचं फूल आहात." नोटरीणबाईंना रडावं की भांडावं ते कळेना. आठ दिवस त्यांनी ते कपाटात कोंडून ठेवलं. मग ईस्टरला घातलं, चर्चमध्ये सगळ्यांच्या माना वळल्या, आणि तेव्हापासून बाई ते लावून दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा जातात.

कुणाचं फूल कुठलं हे गिऱ्हाईक ठरवत नाही, इदालिना ठरवते. औषधवाल्याच्या बायकोला तिने कृष्णकमळ दिलं. कृष्णकमळाच्या वेलीचा पाला आमच्याकडे झोप यावी म्हणून उकळून पितात, आणि औषधवाल्याची बायको बोलायला लागली की समोरच्याला पाला उकळायचीही गरज पडत नाही. बिचारीला ही गोम आजतागायत कळलेली नाही. ज्यांना हा कारभार पटायचा नाही त्यांना इदालिना माझा दरवाजा दाखवायची. "समोर अदाउतोकडे जा. तो सांगाल तसं कापतो."

ती सोनाराच्या घरात जन्मलेली नाही. तिची माणसं वर डोंगरावरची, सेंप्रेविवा वेचणारी. ती बारीक पांढरी फुलं वाळली तरी कोमेजत नाहीत, म्हणून दूरच्या शहरांत त्यांना मागणी असते. इदालिना सहा वर्षांची असल्यापासून वेचायला जायची. एकोणिसाव्या वर्षी खेचरावर जुड्या लादून ती बाजारात उतरली आणि परत जाताना सेऊ ओनोरातोच्या दुकानाच्या काचेपुढे थबकली. आत सोन्याची सेंप्रेविवा मांडलेली होती, पांढऱ्या खड्यांची. सेऊ म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत, बायकांना दोना; आणि ओनोरातो म्हणजे त्या वेळचा गावातला पहिल्या नंबरचा सोनार. ही पायात चपला नसताना सरळ आत शिरली.

"साहेब, हे फूल चुकलंय."

"काय चुकलंय?"

"फूल उन्हातलं आहे आणि देठ पावसातला. हवा दमट झाली की हे फूल मिटतं आणि देठ असा वाकतो. तुम्ही उघडं फूल वाकड्या देठावर बसवलंय. असं कधी होतच नाही."

ओनोरातो तीस वर्षं ते फूल घडवत होता. बिशपच्या बहिणीने घेतलं होतं, परदेशातल्या लोकांनी घेतलं होतं. त्याने फूल काचेतून काढून उलटसुलट करून बघितलं. मग त्याने बाजूची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बस. आणि दाखव."

ती बसली. त्याला आता बावन्न वर्षं झाली. खुर्ची तीच आहे, गादी चार वेळा बदलली.

ओनोरातोने तिला तार ओढायला शिकवलं, आगीवर डाक देऊन तुकडे सांधायला, खड्याला कोंदण करायला. पहिल्या वर्षात तिच्या भुवया दोनदा जळल्या. दोघांचं पटायचं, पण एका गोष्टीवर रोज खडाजंगी. तो पाकळ्या कंपासने मोजायचा, आणि त्याची पाठ वळली की ही एक पाकळी चिमट्याने हळूच वाकडी करायची.

"हे कुणी केलं?" तो ओरडायचा.

"वाऱ्याने," ती म्हणायची. "सगळ्या पाकळ्या सारख्या असल्या की मधमाशीला संशय येतो."

मरताना त्याने दुकान तिच्या नावावर केलं आणि कंपास मात्र पुतण्याला दिला. तिच्या हातात तो सुखी राहणार नाही, असं म्हणाला.

लग्न तिने केलं नाही. मागणी तिघांनी घातली. तिघांनाही तिने ते कुठलं फूल आहेत ते सांगितलं, आणि तिघांनीही पुन्हा विचारलं नाही. त्यातला एक माझा थोरला भाऊ. त्याला काय सांगितलं होतं ते त्याने आम्हाला मरेपर्यंत कळू दिलं नाही.

खड्यांच्या बाबतीतही तिचं उलटंच. दरीतल्या खाणींकडून खडे विकणारे यायचे. चोख, एकरंगी, पाण्यासारखे स्वच्छ खडे ते मोठ्या दुकानांत दाखवायचे, आणि कुणी घेत नाही ते पुडीत बांधून हिच्याकडे आणायचे. अर्धा गुलाबी अर्धा हिरवा टूरमलीन, पोटात ढग असलेला अॅक्वामरीन, रंग विटल्यासारखा दिसणारा जांभळा अॅमेथिस्ट. ती पुडी उघडून लहान पोरीसारखी हरखायची. "अरे, फूल कधी एका रंगाचं असतं का? ह्यांनी फुलं पाहिली आहेत कुठे, वह्यांतली चित्रं पाहिलीत!"

आता सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो, कारण ती घडली तेव्हा मी तिच्या मधोमध होतो.

सेऊ बेलार्मिनोचं बांधकामाच्या सामानाचं दुकान आहे. सिमेंट, विटा, फरशा, पाण्याचे टँकर. गावात त्याच्या सिमेंटशिवाय उभी असलेली इमारत म्हणजे फक्त जुनी चर्चं, आणि त्यांचीही डागडुजी हाच करतो. बायको लवकर गेली. एकच मुलगी, रोझालिया. तिने दंतवैद्य व्हावं अशी त्याची फार इच्छा होती. ती झाली डोंगरातले वणवे विझवणाऱ्या तुकडीत. पाठीवर पाण्याचा पंप, हातात झोडपणी, आणि दर तीन आठवड्यांनी माझ्या खुर्चीत. "अजून बारीक, अदाउतो. ठिणगी अडकता कामा नये." बत्तीस वर्षांच्या त्या मुलीचे केस मी गावातल्या पुरुषांपेक्षा बारीक कापायचो, आणि रस्त्यात बेलार्मिनो दिसला की दुसऱ्या फुटपाथवर जायचो.

रोझालियाचं लग्न ठरलं एदमारशी. एदमार शाळेत संगीत शिकवतो आणि गावच्या बँडमध्ये ट्यूबा हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवतो. ट्यूबाएवढाच गोल आणि तेवढाच शांत. ऑक्टोबरातला दुसरा शनिवार मुक्रर झाला.

ऑगस्टच्या शेवटी, आमच्याकडच्या कोरड्या मोसमात, बेलार्मिनो इदालिनाच्या दुकानात शिरला. मी एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून तसाच उभा राहिलो.

"गुलाब हवेत, दोना इदालिना. गळ्यात, कानांत, मनगटावर. लालभडक खड्यांचे. मुलीचं नाव रोझालिया, नावातच गुलाब, म्हणून दागिना गुलाबाचा. सरळ गोष्ट आहे."

"नाव तुम्ही ठेवलंत, सेऊ बेलार्मिनो. उगवली ती स्वतःची स्वतः. पोरीला पाठवा, मला बघू दे."

"तिला काय बघायचंय? लहानपणापासून बघता आहात. आणि मी बाप आहे तिचा, मला विचारा ना."

"बापाला विचारून फूल ओळखायचं म्हणजे गवंड्याला विचारून चिमणी ओळखण्यासारखं झालं."

गवंडी हा शब्द त्याला झोंबला, पण पोरीला त्याने पाठवलं.

ती दुसऱ्या दिवशी बुटांसकट आली. फरशीवर राखेचे ठसे. "दोना इदालिना, रागावू नका, पण मला दागिने नकोत. वणव्यात गळ्यातलं काहीही तापतं. आधी कातडी भाजेल, मग सोनं वितळेल."

"सोनं वितळायला हजाराच्या वर अंश लागतात, बयो. तोवर तू कधीच वितळलेली असशील. सोन्याची काळजी तू नको करूस."

रोझालिया हसली आणि खुर्ची ओढून बसली. "मग तुम्ही मला काय देणार? अख्खा गाव विचारतोय. तुकडीतल्या पोरांनी पैजा लावल्यात. बहुतेकांनी निवडुंगावर लावली आहे."

"परवा कुठे होतीस?"

"मागच्या कड्यावर. चार दिवस जळत होता."

"तिथे एमाची नडगी अजून आहे ना?"

रोझालियाचा चेहरा एकदम बदलला. "आहे. काळी ठिक्कर झाली आहे. पण काल शेंड्याला कोंब दिसले."

एमा म्हणजे आमच्या माळावरचा उंच पक्षी. उडत नाही, नुसता पळतो. त्याच्या नडगीसारखं खडबडीत, वाकडंतिकडं खोड असलेलं झुडूप आमच्या खडकांत उगवतं, म्हणून त्याचं हे नाव. वर्षभर ते मेल्यासारखं उभं असतं. वणवा अंगावरून गेला की काही दिवसांत त्या कोळशातून जांभळी फुलं फुटतात. दोन दिवस टिकतात आणि संपतात.

"तू ती," इदालिना म्हणाली. "पण रंग मला समोर ठेवून बघायचाय. फुलं उघडली की सांग."

रोझालियाचा निरोप आला तो सप्टेंबरच्या मध्यात. इदालिनाचा गुडघा तेव्हाच कुरकुर करत होता, म्हणून तिने मला खांदा म्हणून बरोबर घेतलं. माझं दुकान बंद ठेवायचं की नाही हे मला कुणी विचारलं नाही. रोझालियाच्या जुन्या जीपमधून आम्ही सूर्य वर यायच्या सुमाराला कड्याशी पोचलो आणि पुढचा चढ मी इदालिनाला अर्धवट ओढत, अर्धवट ढकलत नेला.

"हळू, अदाउतो! मी काय कपाट आहे?"

"कपाट बोलत नाही, दोना इदालिना."

वर पोचलो. सगळा उतार तव्याच्या बुडासारखा काळा, आणि त्यात शेकडो जांभळी फुलं, प्रत्येकाच्या पोटात पिवळा झुबका. मधमाश्यांचा नुसता गोंगाट. इदालिना फतकल मारून राखेत बसली, कंबरेची पुरचुंडी सोडली आणि एकेक अॅमेथिस्ट पाकळीवर ठेवून बघायला लागली.

"हा फार गडद. बिशपच्या अंगठीचा रंग आहे हा. हा निळसर, आजारी दिसतो. हा..." एक मधमाशी तिच्या बोटावर बसली. "तू गप गं, तुला नाही विचारलं."

वीसेक खडे बाद झाले. सर्वांत महागडे आधी. शेवटी पुरचुंडीच्या तळाशी एक पुडी उरली. फिकट, पोटात धूर असलेले, एका विक्रेत्याने वर फुकट घातलेले. तिने त्यातला एक पाकळीवर ठेवला आणि खडा दिसेनासाच झाला.

"कुठे गेला?" मी म्हणालो.

"इथेच आहे, मूर्खा," ती कुजबुजली. "हाच तो."

आणि आनंदाच्या भरात उठायला गेली, तर गुडघ्याने दगा दिला, पुरचुंडी उलटली आणि सगळे खडे राखेत विखुरले. मग पुढचा तासभर आम्ही तिघं चार पायांवर तो डोंगर चाळत होतो. खडे सगळे सापडले, पण आमचे चेहरे आमच्या आयांनीही ओळखले नसते.

नेमका आम्ही गल्लीत उतरलो त्याच वेळी बेलार्मिनो एदमारच्या आईला घेऊन इदालिनाच्या दारात उभा होता. होणाऱ्या विहिणीला गुलाब दाखवायला आणलं होतं त्याने. जीपमधून आधी मी उतरलो, मग कोळसा झालेली नवरी, मग कोळसा झालेली सोनारीण.

"हे काय सोंग आहे?" बेलार्मिनो म्हणाला.

"फूल सापडलं," इदालिना म्हणाली. तिचे फक्त दात पांढरे दिसत होते. "एमाची नडगी."

"नडगी?" त्याचा आवाज चिरकला. "लग्नात माझ्या मुलीच्या गळ्यात नडगी?"

"गळ्यात नाही. छातीवर, ब्रोच करणार आहे."

"जळकं लाकूड! गावात लोक काय म्हणतील? बेलार्मिनोला पोरीसाठी एक धड फूल मिळालं नाही म्हणून चुलीतला ओंडका लावला?"

"बाबा, मला आवडलंय ते," रोझालिया म्हणाली.

"तू तोंड धू आधी!"

विहीणबाईंनी ह्या सगळ्यात एकच प्रश्न विचारला, गुलाबाचं मग काय झालं, आणि तोही अगदी मनापासून.

बेलार्मिनोने काम काढून घेतलं. राजधानीच्या शहरात गेला आणि तयार गुलाबांचा संच घेऊन आला. एकेक गुलाब कोबीएवढा. इदालिनाला मी म्हटलं, "चला, सुटलात."

"सुटले कशी? फूल पाहिलंय मी. आता हाताला काय सांगू, विसर म्हणून?"

तिने ते केलं. तीन आठवडे दुपारच्या वेळी तिच्या दाराला आतून कडी असायची. कानशीचा आवाज यायचा, मधे थांबायचा, मग स्वतःलाच घातलेल्या शिव्या ऐकू यायच्या. रोझालियाने आपल्या सोन्याच्या दोन मोडक्या बाळ्या आणून दिल्या होत्या, त्यांची तार झाली. सहा पाकळ्या, त्यांत ते धुरकट फिके खडे, मधे पुष्कराजाच्या कणांचा झुबका. आणि खोड चांदीचं, मुद्दाम काळवंडवलेलं, खवल्याखवल्यांचं, इतकं खडबडीत की हात लावला तर काजळी लागेल असं वाटावं. पाचव्या पाकळीची कड तिने किंचित दुमडली होती.

रोझालियाने ते तळहातावर घेतलं आणि नाकाशी नेलं. मग म्हणाली, "उताराचा वास येतो ह्याला."

"पॉलिशचा वास आहे तो," इदालिना म्हणाली आणि पाठ फिरवून उगाच चिमटे आवरायला लागली.

लग्नाच्या दिवशी रोझालियाने बापाचं मन राखायचं ठरवलं. अंगावर सगळे गुलाब घातले, आणि ब्रोच पोशाखाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा टोचून ठेवला. हे फक्त माझ्या बायकोला ठाऊक होतं, कारण पोशाख तिनेच चढवला. अर्थात मलाही ठाऊक होतं. आणि मग इदालिनालाही.

चर्च भरलं. बँड तयार. एदमार कोटात घुसमटलेला. आणि पाद्रीबाबा पहिलं वाक्य बोलणार, इतक्यात मागच्या बाकांवरून चारपाच फोन एकदम वाजले. तुकडीतली पोरं पाहुणी म्हणून आली होती ना! कड्याच्या पलीकडे, वस्तीच्या बाजूला वणवा पेटला होता आणि वारा वस्तीच्याच दिशेने होता.

रोझालियाने एदमारकडे पाहिलं. एदमार आयुष्यात पहिल्यांदा झटकन बोलला. "जा. मी इथेच आहे."

पाच मिनिटांत ती आतल्या खोलीतून तुकडीचे कपडे आणि बूट चढवून बाहेर आली. गुलाब आणि पोशाख बापाच्या हातात कोंबले आणि गेली. बेलार्मिनो पहिल्या बाकावर मटकन बसला. मांडीवर पांढऱ्या कापडाचा ढीग. लोकांना काय करावं सुचेना, तेव्हा एदमारने ट्यूबा उचलला आणि बँडने नाचाचा एक पोल्का सुरू केला. इदालिना जाऊन बेलार्मिनोच्या शेजारी बसली. मी मागच्याच बाकावर.

"बघितलंत?" तो म्हणाला. "स्वतःच्या लग्नातून पळाली."

"पळाली नाही, कामाला गेली."

"तेच ते... ओय!" त्याने बोट तोंडात घातलं. कापड उलगडलं. आतून पिन डोकावत होती. त्याने ब्रोच सोडवला आणि उजेडात धरला. "हे काय?"

"नडगी."

तो बघत राहिला. पोल्का संपून दुसरा सुरू झाला तरी तो बघतच होता.

"खोड जळकं कशाला ठेवलंत?" त्याचा आवाज उतरला होता. "फूल तर इतकं... नुसतं फूल ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"मग ते कुणाचंही फूल झालं असतं."

बेलार्मिनोने ब्रोच कोटाच्या खिशात टाकला, उठला, आणि बँडलाही मागे टाकेल अशा आवाजात ओरडला, "वस्तीला पाणी लागेल! माझा टँकर भरलेला आहे! ड्रायव्हर कुठे आहे?"

ड्रायव्हर सापडला, पण त्याने नवरीच्या आयुष्यासाठी सकाळपासून इतके पेले उचलले होते की त्याला स्टिअरिंग आणि ताट ह्यांतला फरक कळत नव्हता. मग बेलार्मिनो स्वतः चढला. वीस वर्षांत त्याने टँकर चालवला नव्हता. बाजूला इदालिना, लग्नाच्या टोपीसकट, आणि मधे दाबून मी.

"डावीकडे!" इदालिना ओरडत होती.

"रस्ता उजवीकडे आहे, बाई!"

"खड्डापण उजवीकडेच आहे!"

वस्तीपाशी पोचलो तर धुराने दुपार पिवळी झाली होती. तुकडीतली माणसं पंप भरायला धावत यायची, भरून परत धुरात शिरायची. मी आणि इदालिना नळीपाशी उभे राहिलो. थोड्या वेळाने धुरातून रोझालिया बाहेर आली, चेहरा काळा, डोळे लाल. टँकरकडे बघून ती गरजली, "टँकर पुढे घ्या! पुढे! त्या भिंतीपर्यंत! झोपलात काय?"

सेऊ बेलार्मिनोला असं बोलायची गावात कुणाची छाती नव्हती. त्याने निमूटपणे टँकर भिंतीपर्यंत नेला. ती पंप भरून पाठमोरी गेली, एकदाही वळून न बघता.

"तिने मला ओळखलं का?" त्याने विचारलं.

"ड्रायव्हर म्हणून ओळखलं," इदालिना म्हणाली. "आज तेवढं पुरे."

तो खिडकीतून धुराकडे बघत बसला. दर खेपेला ती बाहेर आली की त्याची मान वर व्हायची, आत गेली की खाली. तोंडाने मोजत असावा, किती वेळ गेला ते. संध्याकाळी वारा पडला आणि आग उताराच्या खडकांत विझली. घरं सगळी वाचली. वस्तीतल्या एका बाईने आम्हाला कॉफी आणि पेरूची वडी आणून दिली, आणि इदालिनाच्या टोपीला लागलेली राख झटकायला गेली तर टोपीच हातात आली.

लग्न रविवारी सकाळी दहाला झालं. आठ वाजता रोझालिया माझ्या खुर्चीत होती, डाव्या बाजूचे केस होरपळलेले, आणि मी हात चालवत होतो. बेलार्मिनो दारात आला. मला वाटलं, आता माझ्यावर खेकसणार.

"दुसरी बाजूही तेवढीच कर," तो म्हणाला. मग खिशातून ब्रोच काढून लेकीच्या हातात ठेवला. "हा बाहेरून लाव. आतून लावलास तर टोचतो."

गुलाबांचा संच त्याने विहीणबाईंना देऊन टाकला. त्या इतक्या खूष झाल्या की लग्नाच्या फोटोंत नवरी कोण हे कळायला वेळ लागतो. "त्यांचं फूल गुलाबच होतं," इदालिना म्हणाली, "आणि तेसुद्धा तयार मिळणारं."

रोझालियाला आता दोन मुली आहेत आणि ती तुकडीची प्रमुख आहे. बेलार्मिनो दर कोरड्या मोसमात एक टँकर वस्तीपाशी भरून उभा ठेवतो आणि ड्रायव्हरच्या श्वासाचा वास स्वतः घेतो.

आणि इदालिना एक्काहत्तरची झाली. गेल्या मार्चमध्ये तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली त्या दिवशी ती दुकानात गेली, आणि पाच मिनिटांत तिची किंकाळी ऐकून मी वस्तरा टाकून धावलो. ती हातात एक अर्धवट फूल घेऊन उभी होती.

"हे निळं आहे, अदाउतो! मी ह्याला जांभळं समजत होते! दोनतीन वर्षं मी पिवळ्या काचेतून बघत होते!"

त्यानंतर पंधरा दिवस ती घरोघर हिंडली. शेवटच्या काही वर्षांतले दागिने परत द्या, खडे बदलून देते, म्हणून. एकीनेही दिला नाही. एक म्हातारी तर दाराला कडी घालून आतून ओरडली, "माझं फूल आहे तसंच बरं आहे, तुम्ही दुसरा डोळापण झाकून घ्या!"

आता ती रोज सकाळी काचेपाशी बसते, खडा उजेडात धरते, एक डोळा मिटते, मग दुसरा, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटते. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मे महिन्यात आहे. परवा तिने गल्लीपलीकडून मला हाक मारली.

"अदाउतो, तुझ्या दुकानाची भिंत किती छान निळी आहे रे! मला कधी कळलंच नाही."

"निळी कुठे? पांढरी आहे," मी म्हणालो. "दोन वर्षांपूर्वी मीच रंगवली आहे."

संध्याकाळी बायकोला विचारलं. ती म्हणाली, निळीच आहे, रंगवली तेव्हापासून निळी आहे, रंग तिनेच आणला होता. मी पुढच्या मंगळवारची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. गिऱ्हाइकांना अजून सांगितलेलं नाही.